ठोकून ठेवलेलं मटण

कॉस्मस गेला तो रविवारी, भर सकाळी, स्वयंपाकघरात, मटण ठोकता ठोकता.

मरोळच्या गावठाणात, क्रूसाच्या मागच्या गल्लीत त्याचं कौलारू घर होतं. आठवडाभर तो विमानतळाजवळच्या एका किचनमध्ये विमानात द्यायचं जेवण बनवायचा. वीसेक वर्षं त्यानं हजारो लोकांसाठी रांधलं, पण त्यातल्या एकालाही खाताना पाहिलं नाही. म्हणून असेल, रविवारी घरी स्वतःच्या हातचं करून समोर बसवून खाऊ घालण्याची त्याला भारी हौस. चर्चमधली मिस्सा आटोपून आला की सदरा काढायचा, बनियनवर ओट्यापाशी उभा राहायचा आणि बायकोला, उर्सुलाला, हातानंच बाहेर जा म्हणून सांगायचा.

करायचा तो एकच पदार्थ, स्विस स्टेक. किचनमधल्या कुणा म्हाताऱ्या शेफकडून तो शिकला होता. बैलाच्या मांडीचं मटण, तळहाताएवढे, जाड तुकडे. त्यांना मीठ-मिरपूड मिसळलेला मैदा लावायचा आणि जाड चिनी बशीच्या कडेनं ठोकायचं. एकदा उभं, एकदा आडवं, मग उलटून पुन्हा. मैदा मटणात मुरला पाहिजे, नुसता वर बसता कामा नये. मग तुकडे लालसर परतायचे, कांदा, टोमॅटो, गाजर, एक तमालपत्र घालायचं, झाकण लावून त्यावर वरवंटा ठेवायचा आणि गॅस अगदी बारीक करून पातेलं विसरून जायचं. मुलगी विनी लहान असताना विचारायची, "डॅडी, स्वित्झर्लंडला हे असंच करतात?" तो म्हणायचा, "स्वित्झर्लंडचा काय संबंध नाही गं. ठोकण्यालाच स्विस म्हणतात." खरं-खोटं कुणाला ठाऊक, पण चमच्यानं तुटेल असं ते मटण खाताना कुणी पुढे विचारत नसे.

चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीतल्या त्या रविवारी उर्सुला पुढच्या खोलीत खिडकीचे पडदे शिवत होती. ठोकण्याचा आवाज थांबला. परतण्याचा चर्र आवाज यायला हवा होता, तो आला नाही. ती आत गेली तर कॉस्मस स्टुलावर बसलेला, डोकं भिंतीला टेकलेलं, हात मांडीवर. फळीवर तुकडे ओळीनं लावून ठेवलेले.

मग माणसं जमली. डॉक्टर आला, फादर आले, विनी आणि तिचा नवरा मुलुंडहून आले. त्या गडबडीत कुणीतरी मटण कागदात गुंडाळून मागे विहिरीपाशी कुत्र्यांना घातलं. दफनाच्या आधी कॉस्मसच्या बोटांत जपमाळ गुंफली तेव्हा उर्सुलाला दिसलं, त्याच्या नखांत मैदा तसाच होता. तिनं कुणाला सांगितलं नाही. साफही केला नाही.

महिन्याची मिस्सा झाली, त्यानंतरच्या रविवारी तिला पहिल्यांदा आवाज आला.

ती मधल्या खोलीत तांदूळ निवडत होती. ठक ठक ठक. मग थोडं थांबणं, तुकडा उलटण्यापुरतं. ठक ठक ठक. आवाज आतून, ओट्यावरून येत होता. तिच्या हातातलं सूप कलंडलं. ती उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि आवाज बंद झाला. ओटा कोरडा, फळी भिंतीला टेकून उभी, बशी मांडणीवर.

पुढच्या रविवारी तसंच झालं. त्याच्या पुढच्याही. हळूहळू तिच्या लक्षात आलं की ती बघायला गेली की आवाज थांबतो आणि ती पाठ करून बसली की थांबत नाही. मग ती स्वयंपाकघरातच पाट घेऊन, ओट्याकडे पाठ करून बसायला लागली. हातात काहीतरी शिवण. मागे तो ठोकायचा. ती एक शब्द बोलायची नाही, तोही नाही, पण तीस वर्षांच्या संसारात तरी ती दोघं कुठं फार बोलत होती? वरून एखादं विमान उतरायला खाली आलं की त्या गडगडाटात आवाज बुडून जायचा, तेवढ्यापुरता तिचा श्वास अडकायचा. विमान गेलं की पुन्हा ठक ठक ठक.

रविवारी ती पहाटेच्या मिस्सेला जाऊ लागली, म्हणजे वेळेत घरी यायला बरं. बहिणीनं वसईला बोलावलं तर रविवार सोडून कधीही येते म्हणाली. तिची तब्येत सुधारली. शेजारणी म्हणायच्या, उर्सुला सावरली हो लवकर.

असं वर्षभर चाललं. पंच्याऐंशीच्या ईस्टरनंतर विनी बाळंतपणाला माहेरी आली.

पहिल्याच रविवारी ती पुढच्या खोलीतून पोट सांभाळत आली. "मम्मी, मटण आणलंस?"

"नाही गं. का?"

"मग ठोकतंय कोण?"

उर्सुलाच्या हातातली सुई थबकली. "कुणी नाही. मालनच्या घरी काहीतरी चाललं असेल."

मालन म्हणजे मागच्या खोलीतली भाडेकरीण. नवरा लवू गिरणीत होता, संपानंतर तो मरोळच्याच एका कारखान्यात वॉचमन झाला. मालवणकडची साधी बाई. विनीनं विचारल्यावर तिनं सरळ सांगितलं, "मी रविवारी घराक नसतंय गो. भांडुपाक भावाकडे जातंय."

दुसऱ्या रविवारी विनीनं कानांवर उशी दाबून घेतली. तिसऱ्या रविवारी ती दबकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. आई पाटावर बसलेली, ओट्याकडे पाठ. ओट्यावर कुणी नाही. आणि त्या रिकाम्या ओट्यावरून डॅडींच्या ठोकण्याचा आवाज येत होता. आईच्या चेहऱ्यावर किंचित हसू होतं.

"मम्मी!"

आवाज थांबला.

"तुला ऐकू नाही आलं?"

"काय?"

"आत्ता. ठोकत होतं कुणीतरी. खरं सांग ना."

"नाही बाई," उर्सुला म्हणाली. "तू पड जरा. या दिवसांत होतं असं."

विनी जाऊन पडली. पण त्या आठवड्यात ती नीट जेवली नाही. पानावरून उठायची, दारं पुन्हा पुन्हा बघायची. तपासणीला गेली तर डॉक्टरीणबाईंनी दोनदा प्रेशर मोजलं आणि विचारलं, घरी काही टेन्शन आहे का? घरी परतताना रिक्षात विनीनं आईचा हात धरला.

"मम्मी, पॉलीन मावशीला असंच सुरू झालं होतं ना? आवाज यायचे तिला."

पॉलीन उर्सुलाची मावसबहीण. तिला ठाण्याच्या इस्पितळात ठेवलं होतं, ती तिथंच गेली.

"मलापण ठेवणार तुम्ही ठाण्याला? बाळाचं काय करणार मग?"

उर्सुलानं रिक्षावाल्याच्या पाठीकडे पाहिलं. घरात शिरल्यावर, दार लावून घेतल्यावर ती म्हणाली, "तुला काही झालेलं नाही. मलाही येतो तो आवाज. गेल्या वर्षापासून येतो."

"आणि तू मला वेडी ठरवत होतीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू फादरला घेऊन आली असतीस."

"हो, आणणारच! लगेच आणणार!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

फादर आले. घरभर पवित्र पाणी शिंपडलं, स्वयंपाकघरात उभं राहून प्रार्थना म्हटली, चहा घेतला. जाताना उर्सुलाला बाजूला घेऊन म्हणाले, दुःख माणसाला बरंच काही ऐकवतं. उर्सुलानं मान डोलावली. रविवारपर्यंतचे चार दिवस तिला जेवण गेलं नाही. रविवारी ती पाटावर बसली आणि मागे ठक ठक ठक सुरू झालं तेव्हा तिनं नकळत छातीवर क्रूस केला. आभार मानावेत तसा.

बाहेर विनी बॅग भरत होती.

"मी मुलुंडला जाते. सासूबाई करतील बाळंतपण. या घरात मी मूल आणणार नाही."

"विनी, तुझा डॅडी आहे तो. कधी तुझ्यावर हात उगारला नाही त्यानं. त्याला घाबरतेस?"

विनी पलंगावर बसली. रडत नव्हती. आतल्या आवाजाकडे कान देऊन म्हणाली, "डॅडी कधी इतका वेळ ठोकायचे का गं? पाच-सहा तुकडे ठोकले की झालं. हे बघ, अजून चाललंय. मटण नाही, काही नाही, नुसतं ठोकतायत. मम्मी, त्यांना थांबताच येत नाहीये."

आतून आवाज येतच होता. उर्सुलानं तो वर्षभर ऐकला होता, पण असा कधी ऐकला नव्हता. आता तिला त्यातली दमणूक ऐकू आली. थांबणं वाढत गेलं होतं. तुकडा उलटायला लागतो त्याहून जास्त वेळ जात होता, आणि मग पुन्हा सुरुवात, हात भरून आलेल्या माणसानं करावी तशी. ती सोबत म्हणून ऐकत होती आणि तो तिथं राबत होता.

"दोन आठवडे थांब," ती विनीला म्हणाली. "मग जायचं तर जा."

त्या संध्याकाळी मालन भांडुपहून परतली. उर्सुला मागच्या पायरीवर बसली होती. मालनशी ती कधी असलं बोलली नव्हती, पण त्या दिवशी सगळं बोलली. मालन पदर खोचून शेजारी बसली. ऐकून तिला नवल वाटलं नाही.

"बाय, तेंच्या हातातला काम खयसर इला हुता, जेव्हा ते गेले?"

"मटण ठोकून झालं होतं. चुलीवर चढायचं होतं."

"मग तेचा काय केलास?"

"टाकलं. कुणीतरी कुत्र्यांना घातलं."

मालननं जीभ चावली. "मी तुमचा ता खाणंय नाय, शिवणंय नाय, माका काय कळाचा तेतूर? पण माणूस रांधूक उभो रवलो आणि चुलीर काय चढलाच नाय, तर तो जातलो खय? तो अजून थयसरच उभो आसा. तुमी चढवा ता."

उर्सुलाला ते पटलं. पटलं म्हणूनच ती घाबरली. चढवलं, शिजलं, वाढलं, की मग पुढे काय, हे मालननं सांगितलं नव्हतं, पण सांगायला नकोच होतं.

शनिवारी ती अंधेरीच्या बाजारात गेली. कॉस्मस ज्याच्याकडून घ्यायचा त्याच खाटकाकडून मांडीचं मटण घेतलं. रविवारी पहाटेच्या मिस्सेहून आली, पदर खोचला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच रविवारच्या त्या वेळेला ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. फळी आडवी केली. परातीत मैदा, मीठ, मिरपूड. मांडणीवरची जाड बशी काढली.

विनी दाराबाहेर खुर्ची टाकून बसली होती. "मम्मी, कुकरमध्ये टाक ना. लवकर होईल."

"कुकरमध्ये शिजतं. मऊ होत नाही. तुझा डॅडी म्हणायचा."

तिनं पहिला तुकडा ठोकायला घेतला. हाताला सवय नव्हती. बशी घसरत होती, मैदा उडत होता. दोन-चार घाव झाले आणि तिला जाणवलं की फळीवर दोन आवाज आहेत. तिचा वेडावाकडा, आणि त्याच्या जरासा मागून एक पक्का. ती थांबली नाही. मान वळवली नाही. ती ठोकत राहिली, आणि हळूहळू तिचा हात त्या दुसऱ्या आवाजाच्या चालीवर पडू लागला. एकदा उभं, एकदा आडवं. थांबणं. उलटणं. शेवटी दोन्ही आवाज इतके एक झाले की कुठला आपला ते तिला कळेना. दाराबाहेर विनी हेल मेरी म्हणत होती.

शेवटचा तुकडा झाल्यावर उर्सुलानं बशी खाली ठेवली. दुसरा आवाज उरला नाही. स्वयंपाकघरात नुसती शांतता होती, पण रिकामी नव्हती.

तिनं तव्यावर तुकडे परतले. चर्र झालं, घरभर वास पसरला, आणि बाहेर विनीची प्रार्थना मध्येच तुटली. पातेल्यात कांदा, टोमॅटो, गाजर, तमालपत्र, वर तुकडे. झाकण. वरवंटा. गॅस बारीक.

मग काही करायचं नव्हतं, आणि तेच सगळ्यात अवघड होतं.

अर्ध्या वेळेला तिनं झाकण उचलून एक तुकडा सुरीनं दाबून पाहिला. चिवट होता. रबरासारखा. तिनं झाकण परत ठेवलं आणि तिचा हात गॅसच्या बटणावर गेला. आत्ता बंद केला तर? मटण कच्चं राहील, कुणाला खाता येणार नाही, टाकून द्यावं लागेल. काम अर्धं राहील. पुढच्या रविवारी तो पुन्हा येईल. विनीला सांगता येईल, मी केला बाई प्रयत्न. विनी मुलुंडला जाईल, तिथं तिचं सगळं नीट होईल, आणि इथं ती दोघं राहतील, पूर्वीसारखी.

बोटं बटणावर होती. तेवढ्यात मागे स्टूल करकरलं.

जड माणूस उभं राहून दमल्यावर बसतो, तसं. मग कुणीतरी श्वास सोडला. लांब, थकलेला. उर्सुलाच्या कानाला तो श्वास ओळखीचा होता. ड्यूटीवरून आल्यावर चपला काढताना तो असाच सोडायचा.

तिनं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो गेला असता आणि तिला त्याला घालवायचं नव्हतं. निदान उपाशी तरी नाही.

तिनं बटणावरून हात काढला.

"बस," ती म्हणाली. "होतंय."

दुपार चढली. विनी खुर्चीवरच पेंगुळली. मागच्या अंगणात मालन आपल्या भावाकडे न जाता विळीवर बटाटे चिरत बसली होती. का गेली नाहीस असं उर्सुलानं विचारलं नाही. कधीतरी पातेल्यातल्या रटरटण्याचा सूर बदलला, जाडसर झाला. उर्सुलानं झाकण काढून चमचा लावला. मटण आपोआप बाजूला झालं.

तिनं टेबलावर तीन ताटल्या मांडल्या. विनीनं तिसरीकडे पाहिलं. उर्सुलानं आधी त्या ताटलीत वाढलं, वर रस घातला, पावाचा तुकडा ठेवला. मग विनीला, मग स्वतःला. कॉस्मस म्हणायचा ती भोजनाची प्रार्थना विनीनं म्हटली.

"मीठ कमी आहे," पहिला घास घेऊन उर्सुला म्हणाली.

"डॅडींचं पण कमीच असायचं," विनी म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. रडत रडत तिनं दोनदा वाढून घेतलं. तिला कितीतरी आठवड्यांनी भूक लागली होती.

तिसऱ्या ताटलीतलं काही कमी झालं नाही. आवाज नाही, सावली नाही, काही नाही. रस गार होऊन त्यावर साय धरली. संध्याकाळी उर्सुलानं ते गरम केलं आणि स्वतः खाल्लं, रसाच्या शेवटच्या थेंबापर्यंत. कुत्र्यांना घातलं नाही.

पुढच्या रविवारी ती पाटावर बसली. नेहमीसारखी पाठ करून. एक विमान वरून गेलं तेव्हा तिला वाटलं, त्या गडगडाटाखाली असेल. विमान गेलं. काही नव्हतं. शेजारच्या घरात रेडिओ लागला होता आणि कुणीतरी नळाखाली बादली सरकवली. ती बराच वेळ बसून राहिली. शेवटी विनी आली, तिच्या शेजारी जमिनीवर बसता येईना म्हणून भिंतीला टेकून उभी राहिली, आणि आईच्या डोक्यावर हात ठेवून तशीच राहिली. ती मुलुंडला गेली नाही.

मेच्या शेवटी विनीला मुलगी झाली. बाळंतिणीचे कपडे, शेक, मालिश, बाप्तिस्म्याची धावपळ यांत उर्सुलाला बसायला सवड नव्हती. लोक म्हणाले, आजी खूश आहे. ती खूश होतीच. बाळाचं नाक थेट कॉस्मसचं होतं. गणपतीच्या सुमाराला जावई येऊन मायलेकींना घेऊन गेला आणि घर रिकामं झालं.

त्यानंतरच्या एका रविवारी उर्सुला पहाटेची मिस्सा झाल्यावर घरी गेली नाही. ती तशीच चालत विमानतळाकडच्या रस्त्याला लागली आणि कॉस्मस जिथं काम करायचा त्या किचनच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. पाळी सुटली तेव्हा पॉल बाहेर आला. कॉस्मसच्या हाताखाली शिकलेला, आता तिथला मोठा कुक. तिला बघून तो गडबडला.

"आंटी, तुम्ही? पेन्शनचं काही राहिलंय का?"

"नाही रे. तुला एक विचारायचं होतं. तुमच्याकडे आत, रविवारी वगैरे, काही ऐकू येतं का कधी?"

"काय ऐकू येणार?"

"मटण ठोकल्याचा आवाज."

पॉल हसला. "आता कोण ठोकतं आंटी? मशीन आलंय. एका बाजूनं मटण घाला, दुसऱ्या बाजूनं झकास पातळ होऊन येतं. नुसतं घर्र करतं. अंकलनी पाहिलं असतं तर शिव्या घातल्या असत्या." मग त्यानं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि त्याचं हसू विरलं. "काही झालं का आंटी? सोडू का घरी?"

"नको. जाते मी चालत. ये एकदा जेवायला."

ती कारखान्यांच्या मधल्या रस्त्यानं परत निघाली. रविवार असल्यानं फाटकं बंद होती, रस्ता मोकळा होता. एका गाळ्याचं शटर अर्धं वर होतं आणि आतून ठोकण्याचा आवाज येत होता. ठक ठक ठक, मग थांबणं. उर्सुला जागच्या जागी उभी राहिली. पदर घट्ट धरून, मान जराशी खाली करून, आत न बघता ती ऐकत राहिली.

आवाज पत्र्याचा होता. ती पुढे निघाली.